फुलवाल्याचा पत्ता

मुलुंड पूर्वेच्या पारिजात सोसायटीत एक अलिखित नियम होता. सभेत जो बोलेल, ते काम त्याच्याच गळ्यात. त्यामुळे सभा फार शांततेत पार पडत. चहा येईपर्यंत सगळे पंख्याकडे बघत बसायचे, चहा आला की 'मंजूर' म्हणायचे आणि बिस्किटं संपली की घरी जायचे. वनमाला घाडीला हे ठाऊक नव्हतं. सभेला दरवेळी तिचा नवरा लवू जायचा आणि घरी येऊन सभेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्या रविवारी लवूला जादा पाळी होती, म्हणून ती गेली.

सेक्रेटरी चंद्रप्रकाश पेडणेकर इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेचा विषय वाचून दाखवत होता. बिल्डर जाताना तिथे फुटक्या विटा, दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या आणि एक बिनकडीचं दार टाकून गेला होता. "सभासदांनी सूचना कराव्यात," असं म्हणून चंद्रप्रकाशने मान वर केली. पंखा फिरत राहिला. वनमालाचं घर तळमजल्यावर. तिच्या ओट्यासमोरची खिडकी नेमकी त्या गोण्यांवर उघडायची, आणि भाकरी थापताना रोज समोर तोच डोंगर बघून तिचं डोकं उठलं होतं.

"तिथं चार झाडं लावली तर?" ती म्हणाली.

सभेत एकदम जीव आला. चंद्रप्रकाशने पेनाचं टोपण काढलं. "सूचक, सौ. वनमाला घाडी. अनुमोदक?"

शेजारी बसलेल्या शकु वाघमारेला नेमकी तेव्हाच शिंक आली. तिने रुमालाचा हात वर नेला आणि ती अनुमोदक झाली.

समारोपाला चेअरमन भाऊराव तावडे उभे राहिले. बंदरावरच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले भाऊराव घरात गंजीवर असले तरी टाय बांधल्यासारखे बोलत. "बाग सर्वांची असेल," ते म्हणाले, "म्हणून जबाबदारीही सर्वांची. सार्वजनिक बागेतलं पान तोडणं म्हणजे आपल्याच घराची वीट काढणं, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावं." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या वनमालाने वाजवल्या, कारण तिला ते मनापासून पटलं होतं.

संध्याकाळी लवूने सगळी हकीकत ऐकून घेतली. ब्याऐंशीच्या संपापर्यंत तो लालबागच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. संपात गिरणी गेली ती गेलीच. आता तो भांडुपला रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. सभेत कधी बोलायचं आणि कधी नाही, याची अक्कल त्याला चांगली आली होती.

"इतकी वर्सां मी जातंय, कधी तोंड उघडलंय?" तो म्हणाला. "तुका बोलूक कोणी सांगितल्यान?"

"बोललंय तर बोललंय," वनमाला म्हणाली. "घमेला आणून दी माका."

शकुची मदत झाली नसती तर त्या गोण्या आजही तिथेच असत्या. शकु दुसऱ्या मजल्यावर राहायची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि दिवसभर लोकांना 'थांबा, लाइन बिझी आहे' असं सांगून सांगून तिच्या आवाजाला अशी धार आली होती की समोरच्याचा हात आपोआप कामाला लागायचा. ती मूळची हिंगोलीकडची. घरची कोरडवाहू जमीन तिने लहानपणी पाहिली होती, त्यामुळे इथली मऊ माती हातात घेऊन ती म्हणायची, "एवढ्या पाण्याच्या गावात राहून तुम्हाला झाडं लावायचं सुचत नाही म्हणजे कमाल आहे ना."

पावसाळ्यात दोघींनी कडीपत्ता लावला, तगर लावली, अनंत लावला, कोरफड लावली, आणि सोसायटीच्या नावाला निदान तोंड दाखवायला जागा असावी म्हणून पारिजातकही लावला. मधोमध मात्र वनमालाने आचऱ्याहून आणलेली जास्वंद लावली. माहेरच्या विहिरीजवळच्या झाडाची फांदी, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत रात्रभर मांडीवर घेऊन आणलेली. केशरी रंगाची, दुहेरी पाकळ्यांची, आतून किरमिजी. तशी जास्वंद मुलुंडात दुसरीकडे कुठे नव्हती. असं निदान वनमाला सर्वांना सांगायची, आणि मुलुंड पालथं घालून ते खोटं ठरवण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता.

पाऊस होता तोवर बाग आपोआप वाढली. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि पाण्याचा प्रश्न आला. पहिले काही दिवस कुणीच पाणी घातलं नाही, कारण बाग सर्वांची असल्यामुळे कुणीतरी घालतच असणार. वनमालाने जिन्यात उभं राहून सगळ्यांना खडसावलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घराने पाणी घातलं. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भांड्यांचं, कपड्यांचं निळीचं. वरच्या मजल्यावरून तर काहींनी थेट ओतलं. अनंताची मुळं कुजली. कडीपत्ता पिवळा पडला. कुणीतरी मासे धुतलेलं पाणी खताला चांगलं असं ऐकलं होतं. ते सुरू झाल्यावर अर्ध्या मुलुंडातली मांजरं बागेत मुक्कामाला आली आणि वाट बघत बसली की कधी एकदा बांगडा उगवतोय.

"सगळे मिळून मारतील माझ्या झाडांना," वनमाला रडकुंडीला येऊन शकुला म्हणाली.

"तुझी झाडं?" शकु म्हणाली. "तेच तर होतंय. तुझी म्हटली की तू जीव टाकतेस. सगळ्यांची म्हटली की सगळे नुसतं पाणी टाकतात. एकेक झाड एकेका घराला देऊन टाक. बाकीच्यांनी हात लावायचा नाही."

वनमालाला हे आधी आवडलं नाही. प्रत्येक रोप तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं. ते चिठ्ठ्या टाकून वाटायचं म्हणजे पोरं दत्तक दिल्यासारखं झालं. पण अनंताकडे बघून तिने मन घट्ट केलं. पिठाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. कडीपत्ता सगळ्यांनाच हवा होता. तो शकुला मिळाला तेव्हा डबा हलवणारी तीच होती याची जिन्यात थोडी चर्चा झाली. चेअरमनना कोरफड आली. वनमालाला स्वतःला तगर आली. आणि तिची जास्वंद गेली चंद्रप्रकाशकडे.

चंद्रप्रकाश एका कंपनीत टायपिस्ट होता. झाडाशी त्याचा संबंध कागदापुरताच आलेला. पण जबाबदारी आली म्हटल्यावर त्याने ती टंकलिखित केली. पाणी किती, कधी, कोणत्या भांड्याने, हे सगळं कार्डावर टाइप करून त्याने ते जास्वंदीच्या खोडाला बांधलं. झाडाला वाचता येत नव्हतं, पण ते बहरलं. पुढच्या वर्षी थंडीच्या सुमाराला ते डोक्याच्या वर गेलं आणि त्याला इतक्या कळ्या आल्या की संध्याकाळी लोक मुद्दाम बघायला यायचे.

आणि सकाळी झाड बोडकं असायचं. संध्याकाळच्या भरगच्च कळ्या, आणि दिवस वर येतो तो एकही फूल नाही. अगदी उंच फांद्यांवरचंसुद्धा नाही.

चंद्रप्रकाशला हा आपल्या हुद्द्याचा अपमान वाटला. जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली: 'फुले तोडू नयेत.' खाली चेअरमनची सही. फुलं जातच राहिली. मग दुसरी नोटीस, टाइपरायटरच्या लाल रिबिनीने: 'फुले तोडू नयेत असे कळवूनही फुले तोडली जात आहेत, ही खेदाची बाब आहे.' त्याखालीही चेअरमनची सही, आधीपेक्षा लहान. चंद्रप्रकाश आता जिन्यात भेटेल त्याच्या हाताकडे बघायचा. शकुची पिशवीसुद्धा त्याने एकदा तिरक्या नजरेने पाहिली.

"बघा ना उघडून," शकुने पिशवी पुढे केली. "गवार आहे. आमच्याकडेही बाबासाहेबांच्या फोटोला फूल असतं, पण ते विचारून नेलेलं असतं. तुमच्या समोरून तगर नेते मी वनमालाची."

चंद्रप्रकाश ओशाळला, पण संशय काही गेला नाही. उलट वाढत वाढत तो सगळ्या बिऱ्हाडांवर सारखा पसरला.

अशात एक दिवस वनमालाने घावणे केले आणि ताटलीभर झाकून तिसऱ्या मजल्यावर नेले. भाऊरावांच्या पत्नी वसुधाकाकी दिवाळीआधी मोरीत घसरून पडल्या होत्या. पायाचं प्लास्टर निघालं होतं, हाड सांधलं होतं, पण जिन्याची भीती मनात बसली होती. त्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायच्या, पहिल्या पायरीकडे बघायच्या आणि परत फिरायच्या. डॉक्टर म्हणत होते चाला, पाय म्हणत होता चल, त्या म्हणत होत्या उद्या बघू.

वनमाला आत गेली तेव्हा भाऊराव खुर्चीत पेपर वाचत होते. काकी देव्हाऱ्यासमोर पाटावर बसल्या होत्या. "ये गं," त्या म्हणाल्या. "घावणे का? बस, आधी देवाला हात जोड."

वनमालाने हात जोडले आणि डोळे मिटायच्या ऐवजी तिचे डोळे मोठे झाले. देव्हाऱ्यात केशरी रंगाचा ढीग होता. गणपती गळ्यापर्यंत बुडाला होता. दुहेरी पाकळ्या, आतून किरमिजी.

"बघतेस काय अशी?" काकी कौतुकाने म्हणाल्या. "छान आहेत ना? यांना स्टेशनजवळ एक फुलवाला भेटलाय. वसईचा आहे बिचारा. एवढी टवटवीत फुलं मी मुंबईत पाहिली नव्हती हो. दवसुद्धा असतं त्यांच्यावर."

समोरचा पेपर जरा वर चढला. भाऊरावांचं टक्कल दिसत होतं तेही दिसेनासं झालं.

"वसईचा," वनमाला म्हणाली.

"हो. बायको दम्याची आहे त्याची. थोरल्या मुलीचं लग्न ठरलंय एप्रिलात, मुलगा गोरेगावला असतो. यांना सगळं सांगतो तो. अगं, बरं झालं तू आलीस." काकींनी कपाटातून एक ब्लाउजपीस काढलं. "मुलीला द्यायला म्हणून केव्हाचं ठेवलंय. यांना रोज सांगते, न्या, आणि हे रोज विसरतात. तू जातेस ना स्टेशनवर भाजीला? तूच दे त्याला. अहो, पत्ता सांगा हिला. कुठे बसतो तो?"

पेपराचं पान उलटलं. वनमालाला वाटलं, आता आपण हसलो तर ताटली हातातून पडेल, आणि बोललो तर या घरात काहीतरी दुसरंच पडेल. वसुधाकाकींच्या चेहऱ्यावर त्या फुलवाल्याबद्दल खरोखरीची माया होती. दिवसभर चार भिंतींत बसणाऱ्या बाईला जोडलेलं ते एक कुटुंब होतं.

"पत्ता नको काकी," ती म्हणाली. "माझ्या ओळखीतला आहे तो. पहाटेच येतो."

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमाराला ती चूल पेटवायच्या आधी, म्हणजे स्टोव्हला पिन मारायच्या आधी, मागच्या दाराने बाहेर आली. भाऊराव जास्वंदीपाशी उभे होते. अंगात कोट, डोक्यावर माकडटोपी, हातात छत्री. छत्रीच्या वाकड्या मुठीने त्यांनी वरची फांदी खाली ओढून धरली होती.

"काका, खालच्या अंगाची राहू द्या. ती कळी आतून किडलीय."

भाऊरावांनी फांदी सोडली. ती वर गेली आणि दवाचा सडा त्यांच्या टोपीवर पडला.

"मी पाहणी करत होतो, मिसेस घाडी."

"छत्री उलटी धरून?"

भाऊरावांनी छत्री सरळ केली. त्यातून केशरी फुलं त्यांच्या बुटांवर पडली. ते वाकून एकेक फूल वेचायला लागले. मग टाय सुटल्यासारखे बोलायला लागले.

"तिला बाजारातली फुलं चालत नाहीत हो. पाणी मारलेली, शिळी, कुणाकुणाच्या पायाखालून आलेली. पडल्यापासून ती फार गप्प झाली होती. एक दिवस मी एक फूल नेलं. एकच. तिने विचारलं कुठून आणलंत, तर तोंडातून निघून गेलं, नवा फुलवाला भेटलाय, ताजी आणतो. चेअरमन काय सांगणार, बागेतून तोडलं म्हणून? दुसऱ्या दिवशी ती विचारते, फुलवाला काय म्हणाला. मग त्याला गाव द्यावं लागलं. मग बायको. मुलीचं लग्न तर मी दोनदा पुढे ढकललंय."

वनमालाने ओठ दाबून धरले. राग तिला आला होता. रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, ती मनातल्या मनात भाऊरावांना भर सभेत उभं करत होती. पण माकडटोपीतून ओघळणारं पाणी बघून तो राग नीट उभा राहीना.

"जरा इकडे या," ती म्हणाली आणि तिने एक पान उलटं केलं. पानाच्या मागे कापसासारखं पांढरं पांढरं चिकटलं होतं. "हा पांढरा मावा, झाडाचा रस पिणारी कीड. बघितला होतात?"

"नाही."

"कसा बघणार? तुम्ही वर बघता, फुलांकडे. चंद्रप्रकाश भावजी कार्डाकडे बघतात. पानाच्या मागे कुणीच बघत नाही. या गतीने पावसाळ्यापर्यंत फुलंही नाहीत आणि झाडही नाही. मग फुलवाल्याला काय गावी पाठवणार?"

भाऊरावांचा चेहरा पडला. त्यांना झाडाची काळजी वाटली की फुलवाल्याची, ते कळायला मार्ग नव्हता.

"साबणाचं पाणी करायचं पातळ," वनमाला म्हणाली. "जुना टूथब्रश घ्यायचा. एकेक पान मागून हलक्या हाताने पुसायचं. किचकट काम आहे, पण त्याला दुसरा उपाय नाही. ते करा. मग देवाला फुलं न्या, पण अर्धी. अर्धी झाडावर."

"आणि तुम्ही कुणाला..."

"मी कशाला सांगू? मी तर आता त्याच्या मुलीचं ब्लाउजपीस घेऊन बसलेय."

त्या दिवसापासून पारिजात सोसायटीने एक नवल पाहिलं. चेअरमन भाऊराव तावडे रोज सकाळी स्टुलावर बसून टूथब्रशने जास्वंदीची पानं घासायचे. हेडक्लार्कने जसं काम करावं तसंच ते करायचे, खालची फांदी झाल्याशिवाय वरची नाही. येणारेजाणारे थांबायला लागले. खुद्द चेअरमन घाम गाळतायत म्हटल्यावर लोकांना आपापल्या झाडांची लाज वाटायला लागली. कुणी आळी केली, कुणी सुकलेली पानं उचलली, आणि पारिजातक ज्यांच्या वाट्याला आला होता त्यांनी तो जिवंत आहे का, हे पहिल्यांदाच जाऊन पाहिलं. होता. भाऊराव आता स्वतःच्याही नकळत वनमालाला माहिती द्यायला लागले होते: "मिसेस घाडी, आज मुंग्या चढल्यात. मुंग्या दिसल्या की मावा आलाच समजा." जणू माव्याचा शोध त्यांनीच लावला होता.

नाराज एकच माणूस होता. चंद्रप्रकाशला कळेना की त्याच्या झाडाला चेअरमन हात का लावतात. वर फुलं अजून अर्धी जातच होती. "म्हणजे चोर आता आपली थट्टा करतोय," तो वनमालाला म्हणाला. "अर्धी ठेवतो, वहिनी. मुद्दाम. मी त्याला पकडणारच."

"जाऊ द्या ना भावजी," वनमाला म्हणाली. "झाड किती छान झालंय बघा."

"झाडाचा प्रश्न नाही. नोटिशीचा प्रश्न आहे."

त्याने शिट्टी आणली. एका पहाटे तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला, अंगावर चादर घेऊन. वनमालाला हे ठाऊक नव्हतं. ती ओट्याशी पिठात मीठ घालत होती, तोच खिडकीबाहेर शिट्टी वाजली. अशी वाजली की सगळ्या मजल्यांवर दिवे लागले आणि मांजरं भिंतीवरून पसार झाली.

तिने खिडकीतून पाहिलं. चंद्रप्रकाश चादरीसकट उभा होता, शिट्टी तोंडातच. समोर भाऊराव. एका हातात टूथब्रश, दुसऱ्या हातात उलटी छत्री, आणि छत्रीत केशरी फुलं. प्रत्येक गॅलरीत माणसं आली होती.

चंद्रप्रकाशच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. "साहेब, तुम्ही?"

"भावजी, काका मावा काढतायत," वनमाला खिडकीतून म्हणाली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की हे इतक्या पटकन कसं सुचलं. "किडलेली फुलं बाजूला काढतायत. मीच सांगितलंय त्यांना."

चंद्रप्रकाशने सुटकेचा श्वास टाकला. त्याला ते मानायचंच होतं. गॅलरीतली माणसं आत वळायला लागली. सगळं निभावून गेलं असतं. पण भाऊरावांनी वनमालाच्या खिडकीकडे पाहिलं, मग छत्रीतल्या फुलांकडे, आणि ते बरेच दिवसांनी टाय बांधल्यासारखे ताठ उभे राहिले.

"पेडणेकर," ते म्हणाले, "यात किडलेलं एकही फूल नाही. फुलं मीच नेतो. थंडी सुरू झाल्यापासून. तुम्ही नोटीस काढा."

"नोटीस? पण साहेब, नोटिशीवर चेअरमनची सही लागते."

"मग मी करीन की."

चंद्रप्रकाशने टाइप करताना किती कागद फाडले ते त्याच्या बायकोलाच माहीत. शेवटी फळ्यावर नोटीस लागली: 'सोसायटीच्या बागेतील जास्वंदीची फुले चोरताना श्री. भाऊराव तावडे आढळले आहेत.' खाली सही, भाऊराव तावडे, चेअरमन. सही पहिल्या नोटिशीवरच्यापेक्षा मोठी आणि स्वच्छ होती.

नोटीस वाचायला गर्दी झाली. वनमाला शकुच्या शेजारी उभी राहून विचार करत होती की आता वर काकींना कोण सांगणार, आणि वसईच्या त्या कुटुंबाचं काय होणार. तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. गर्दी मागे सरली.

वसुधाकाकी जिना उतरत होत्या. पहाटेची ती कबुली तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतही पोचली होती. एका हाताने कठडा घट्ट धरलेला, कपाळावर घाम, ओठ आवळलेले. भाऊराव धावत वर गेले आणि हात पुढे करून दोन पायऱ्या खाली उभे राहिले. काकींनी तो हात बाजूला केला आणि स्वतःच उतरत आल्या. रागावलेल्या माणसाला भीती वाटायला सवड नसते.

फळ्यासमोर उभं राहून त्यांनी चष्मा लावला आणि नोटीस सावकाश वाचली.

"पेडणेकर," त्या म्हणाल्या, "ही चूक आहे. त्या बागेत आमचाही एक वाटा आहे ना?"

"आहे काकी."

भाऊरावांच्या चेहऱ्यावर जरा आशा आली.

"मग स्वतःच्या वाट्याची चोरी कशी होईल? बाकीच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या वाट्याची चोरी, असं लिहा. नीट लिहा." त्यांनी चष्मा काढला. "आणि गं वनमाला, ते ब्लाउजपीस?"

"माझ्याकडेच आहे काकी. आणून देते."

"राहू दे तुलाच. म्हणजे वसईलाही कोणी नाही, गोरेगावलाही कोणी नाही?"

भाऊराव खाली मान घालून म्हणाले, "नाही."

"मी त्या पोरीच्या सासूबद्दल काळजी करत होते," काकी म्हणाल्या. शकुला हसू आवरेना, म्हणून तिने पदर तोंडाला लावला. मग काकींच्याही तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो ताब्यात घेतला. "ते झाड कुठाय, दाखवा मला."

वनमालाने त्यांना मागे नेलं. काकी जास्वंदीसमोर उभ्या राहिल्या. उन्हात पानं तुकतुकीत दिसत होती, मागून पुढून स्वच्छ. वरच्या फांद्यांवर, छत्रीत न गेलेली फुलं उमलली होती. काकींनी हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या, इतका वेळ की मागची माणसं चुळबुळायला लागली.

"झाडावर किती वेगळी दिसतात," त्या शेवटी म्हणाल्या. "मी त्यांचा ढीग घालत होते. गणपतीला श्वास घेता येत नसेल." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "देवाला एक पुरे. तेही ज्यांचं झाड आहे त्यांना विचारून. आणि उद्यापासून मी स्वतः येणार विचारायला. तुमच्यावर माझा विश्वास नाही."

त्या खरंच आल्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरायला त्यांना तितकाच वेळ लागला, नंतर कमी कमी लागत गेला. शकुने घरची वेताची खुर्ची बागेत आणून ठेवली. काकी सकाळी तिथे बसायच्या. चंद्रप्रकाशने ऑफिसला जाण्याआधी येऊन आज किती फुलं उतरवायची ते सांगायचं, आणि काकींनी ती ज्यांना हवी त्यांना द्यायची, घराला एक. कुणी दुसरं मागितलं की त्या म्हणायच्या, "दुसरं तिथे आहे, वर. खिडकीतून बघ." फळ्यावर नवी नोटीस लागली, 'फुले विचारून घ्यावीत', आणि ती काळ्या रिबिनीने टाइप केलेली होती.

पण भाऊरावांचा टूथब्रश सुटला नाही. जास्वंद संपली की ते तगरीकडे वळायचे, तगर संपली की शकुच्या कडीपत्त्याकडे. शकु म्हणाली, "काका, माझ्या कडीपत्त्याला काही झालेलं नाही." ते म्हणाले, "झाल्यावर बघून काय उपयोग?"

मे महिन्यात वनमाला माहेरी निघाली. निघायच्या आधी ती बागेत इतक्या वेळा गेली की लवूने विचारलं, "एसटी हंयसूनच सुटता काय?" तिने काकींना सांगितलं, शकुला सांगितलं, चंद्रप्रकाशला सांगितलं, आणि सगळ्यांनी 'हो' म्हटल्यावर तिला जास्तच काळजी लागली. आचऱ्याला विहिरीवर पाणी ओढताना तिच्या डोळ्यांसमोर अनंताची कुजलेली मुळं यायची. आई म्हणाली, "गो, हंय इलंस तर हंय ऱ्हव." पण तिचं लक्ष लागेना. सुट्टी संपायच्या आतच ती परतली, आणि येताना पिवळ्या जास्वंदीची एक फांदी आणि सोनचाफ्याचं एक रोप घेऊन आली.

रिक्षातून उतरल्यावर ती घरात न जाता सरळ मागे गेली. बाग हिरवीगार होती. आळी ओली होती, पण चिखल नव्हता. मेलेल्या अनंताच्या जागी कुणीतरी नवा अनंत लावला होता आणि त्याला पहिली कळी आली होती. तिने उगाच एक पान उलटं करून बघितलं. स्वच्छ. दुसरं बघितलं. तेही. कोपऱ्यातलं, कुणाच्या नजरेस पडणार नाही असं एक बघितलं. तिथेसुद्धा काही नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि त्याच वेळी आपल्याला इथे कुणी फारसं शोधलंही नसणार, हे जाणवून थोडं लागलंही.

भाऊराव स्टूल घेऊन येत होते. त्यांनी तिच्या हातातल्या रोपांकडे पाहिलं. मग बागेकडे पाहिलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"सोनचाफा," ते म्हणाले. "उत्तम. पण याचं मोठं झाड होतं, मिसेस घाडी. पेडणेकरांच्या जास्वंदीवर सावली येईल. असं कुणी परस्पर आणून लावायचं नसतं. सभेपुढे ठेवावं लागेल."

वनमालाने रोपं अलगद सावलीत ठेवली. मग पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "ठेवा. पण सभा कधी आहे ते आधी सांगा. यावेळी मी बोलायला येणार आहे."